३६ किलोमीटर, सहा प्रकारची जमीन आणि बुटांचा एकच जोड : प्रकरण अभ्यास

धावपटू ४१ वर्षांचा, वजन ७४ किलो. डांबरी रस्त्यावर बरीच वर्षं धावलेला, अर्धमॅरेथॉन पावणेदोन तासांत पूर्ण करणारा. डोंगरातली मात्र ही पहिलीच मोठी शर्यत : अंतर ३६ किलोमीटर, एकूण चढ १,४५० मीटर, उतारही तेवढाच, आणि तारीख पाऊस ओसरण्याच्या सुमाराची. मध्ये कुठेही बूट बदलण्याची सोय नाही. त्यामुळे सुरुवातीला जो जोड पायात, तोच शेवटपर्यंत.

त्याने घेतलेला जोड असा होता : सोलचे दाते साडेसहा मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून लांब, वरच्या कापडाच्या आत पाणी अडवणारा पडदा, बोटांकडे निमुळता होत गेलेला आकार, ड्रॉप (टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक) १० मिलिमीटर. रस्त्यावरचा त्याचा बूट युरोपीय मापाने ४३. हा ४४ घेतला, कारण ‘उतारावर बोटं पुढे आपटतात, म्हणून एक नंबर मोठा घ्यावा’ असं त्याच्या कानावर आलेलं. दाते खोल निवडले ते मार्गात चिखल आहे म्हणून.

सरावात या जोडाने पाच तक्रारी दिल्या. लांब उतारानंतर दोन्ही पायांच्या दुसऱ्या बोटाचं नख काळं पडलं. ओल्या कातळावर पाय सटकत होता, आणि तोही पाऊल टेकताना नाही, तर मागचा पाय रेटताना. मुरमाच्या रस्त्यावर तासाभराने चवड्याखाली टोचल्यासारखं दुखू लागे. ओढा ओलांडला की बूट पुढचे कित्येक किलोमीटर पाण्याने भरलेलाच. आणि सुमारे दीडशे किलोमीटरमध्ये चवड्याखालच्या दात्यांचे कोपरे फाटून निघाले.

बूट खराब होता असं यातून कुणाला वाटेल. तो खराब नव्हता. चिखलाच्या शर्यतीत त्याच जोडाने उत्तम काम दिलं असतं. चूक बुटात नसून निवडीच्या प्रश्नात होती, म्हणून आधी मार्ग उलगडून पाहू.

मार्ग : अंतरात नाही, वेळेत मोजायचा

पहिले ७ किलोमीटर मुरमाचा कच्चा रस्ता, हलका चढ. पुढे ५ किलोमीटर झाडीतली पायवाट : मुळं, ओला पालापाचोळा, मऊ माती. मग ३ किलोमीटर चिकणमातीचा चिखल. १५ ते २२ या टप्प्यात डोंगराची धार, म्हणजे कातळ, पायऱ्यांसारखे दगड आणि दोन ठिकाणी वरून पाझरणारं पाणी. त्यानंतरच्या किलोमीटरमध्ये गुडघाभर पाण्याचा ओढा. २३ ते २९ सुट्या दगडांचा उतार. सहा किलोमीटरमध्ये ९०० मीटर खाली, म्हणजे सरासरी १५ टक्के. शेवटचे ७ किलोमीटर पुन्हा मुरूम.

अंतर पाहिलं तर मुरूम १४ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के, आणि चिखल फक्त ८ टक्के. पण अंतराचा हिशेबही फसवा असतो, कारण पाय जमिनीशी झगडतो तो मिनिटांत. या धावपटूचा अंदाजे वेग धरून तेच टप्पे वेळेत मांडले तर चित्र असं दिसतं : पहिला मुरूम ४६ मिनिटं, झाडी ४७, चिखल ४५, कातळाची धार ८४, ओढ्याचा पट्टा १२, सुट्या दगडांचा उतार ५१, शेवटचा मुरूम ४५. एकूण साडेपाच तास. म्हणजे अंतराने जेमतेम पाचवा हिस्सा असलेला कातळ वेळेचा पाव भाग खातो. चिखलही आठवरून चौदा टक्क्यांवर जातो, हे मान्य करायला हवं.

यानंतरचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच बहुतेक जण विचारत नाहीत : या टप्प्यावर बूट कमी पडला तर काय होईल? चिखलात पाय घसरला तर माणूस बसतो, हात मळतात, मिनिटभर जातं. मुरमावर बूट कमी पडला तर तळवा दुखतो. कातळाच्या धारेवर पाय सुटला तर गुडघा, मनगट किंवा डोकं दगडावर आपटतं आणि शर्यत तिथेच संपू शकते. सुट्या दगडांच्या उतारावर घोटा मुरगळण्याचा धोका असतोच. शिवाय नखं आणि तळवे यांची तिथे झालेली हानी पुढचे सात किलोमीटर सोबत येते.

म्हणून आमचं ठाम मत असं : बूट मार्गातल्या सर्वांत मोठ्या टप्प्यासाठी निवडायचा नाही आणि सर्वांत घाणेरड्या टप्प्यासाठीही नाही. जिथे चूक सगळ्यात महाग पडते तिथला बूट निवडायचा, आणि मग तो उरलेल्या टप्प्यांवर निभावतो का एवढंच तपासायचं. या मार्गावर तो टप्पा १५ ते २९ किलोमीटरच्या दरम्यान आहे.

ओला कातळ : दाते इथे कामाचे नाहीत

दाते जितके खोल तितकी पकड जास्त, हे मातीपुरतं खरं आहे. चिखलाचा वरचा थर पायाचा रेटा सहन करू शकत नाही, तो सरकतो. खोल दाता त्या थरातून खाली घट्ट मातीपर्यंत पोहोचतो आणि तिथे अडकतो. दाते विरळ असतील तर दोघांच्या मध्ये बसलेली माती पाय उचलताच गळून पडते. दाट असतील तर फटी भरतात आणि दोन मिनिटांत सोल सपाट होऊन जातो. चिखलासाठी ६ ते ८ मिलिमीटर खोल आणि विरळ दाते मागितले जातात ते यासाठी.

कातळात दाता रुतणार कुठे? तिथली पकड येते ती रबर दगडाच्या बारीक खडबडीत पृष्ठभागावर दबून बसल्याने. मग दोनच गोष्टी कामाला येतात : रबर किती मऊ, आणि दगडाला किती रबर एकाच वेळी टेकतं. साडेसहा मिलिमीटरच्या अरुंद, विरळ दात्यांची फक्त टोकं टेकतात. उतरत्या कातळावर वजन आलं की उंच दाता वाकतो आणि टोकाचीही फक्त एक कड दगडावर उरते. या धावपटूचा पाय टेकताना टिकायचा आणि रेटताना सुटायचा, त्याचं कारण हेच. रेटताना सगळं वजन चवड्यावरच्या मोजक्या दात्यांवर येतं आणि ते मागे वाकतात. दगड ओला असेल तर मधला पाण्याचा पातळ थर बाहेर ढकलला जायला हवा, तरच रबर दगडापर्यंत पोहोचतं. मऊ रबर आणि दात्यांवरच्या बारीक चिरा इथे उपयोगी पडतात.

रबराच्या बाबतीत नाव वाचून भागत नाही. दगडावर चालणाऱ्या रबरी सोलचा इतिहास एका अपघातापासून सुरू होतो. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा गिर्यारोहकांचा मृत्यू झाला. त्या मोहिमेतल्या इटालियन गिर्यारोहक व्हिताले ब्रामानी याने त्यानंतर खोल नक्षीचा रबरी सोल तयार केला आणि तो १९३७ मध्ये आला. व्हिब्राम हे नाव त्याच्याच नावातून आलेलं. आज या कंपनीची अनेक वेगवेगळी मिश्रणं आहेत, त्यामुळे सोलवरचं पिवळं चिन्ह पाहून पकडीबद्दल काहीच ठरत नाही. त्याखाली मिश्रणाचं नाव काय लिहिलंय ते पाहायचं. ओल्या-कोरड्या दगडासाठी मेगाग्रिप हे मिश्रण बरेच उत्पादक वापरतात. इतर कंपन्यांचीही आपापली मऊ मिश्रणं आहेत. नावच लिहिलेलं नसेल तर अंगठ्याचं नख दात्याच्या बाजूला दाबून पाहायचं. मऊ रबर स्पष्ट दबतं, कडक रबर नखालाच विरोध करतं. ही मोजणी नव्हे, पण दोन जोड शेजारी ठेवले तर फरक कळतो.

मऊ रबराची किंमत झिजेत मोजावी लागते. मुरमाच्या १४ किलोमीटरवर ते कडक रबरापेक्षा लवकर घासतं, आणि उंच अरुंद दात्यांत मऊ रबर वापरलं की कोपरे फाटतात, कारण कडक जमिनीवर दाता प्रत्येक पावलाला मुळापासून वाकतो. पाचवी तक्रार तिथून आली. मुरमावर चवड्याखाली टोचणं हीसुद्धा त्याच दात्यांची करामत : कडक जमीन दात्याला आत घेत नाही, म्हणून दाताच फोमला (सोलच्या वरच्या मऊ गादीला) वर दाबतो आणि तळव्याला ठरावीक ठिकाणी तो दाब लागतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. हिरवं, बुळबुळीत शेवाळ चढलेल्या दगडावर कोणतंही रबर विश्वासाने धरत नाही. तिथे रबर दगडापर्यंत पोहोचतच नाही, ते शेवाळावरच टेकतं. टंगस्टन कार्बाइडचे खिळे असलेले बूट असतात, ते बर्फ आणि अशा दगडांवर चालतात, पण कोरड्या कातळावर कठीण वाटतात आणि या मार्गावर अनाठायी ठरले असते. शेवाळावर उपाय पायाचा : खरखरीत, फिकट दिसणारा भाग निवडायचा, पाऊल सपाट टेकवायचं, तिथे वळायचं नाही आणि रेटायचंही नाही.

काळी नखं : लांबी नव्हे, घसरण

एक नंबर मोठा घेऊनही नखं काळी पडली, हे या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं अंग आहे. उतारावर शरीराचं वजन पायाला बुटाच्या आत पुढे ढकलतं. बूट लांब असेल तर पाय आणखी लांबून घसरत येतो आणि जास्त जोरात आपटतो. लांबी वाढवून आपटणं थांबत नाही. पायाचा वरचा भाग आणि टाच जागेवर धरून ठेवली तरच थांबतं.

त्याचा पाय मोजला तो संध्याकाळी, धावण्याचेच मोजे घालून, पूर्ण वजन टाकून उभं राहून. संध्याकाळपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात आणि साडेपाच तासांच्या धावेत त्याहून सुजतात, म्हणून सकाळचं माप फसवं निघतं. मोजल्यावर दोन गोष्टी कळल्या. दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब होतं, म्हणजे बुटाची लांबी अंगठ्यावरून नव्हे, त्या बोटावरून धरायची. आणि चवडा रुंद, टाच अरुंद.

मग बुटातला इनसोल (तळव्याखालचा सुटा आतला तळ) बाहेर काढून जमिनीवर ठेवला आणि त्याला त्यावर उभं केलं. दोन्ही बाजूंनी चवडा इनसोलच्या कडेबाहेर आला, करंगळी तर पूर्ण बाहेर. पुढे मात्र अठरा मिलिमीटर जागा रिकामी. हीच ती विसंगती : बूट लांब आणि अरुंद, पाय आखूड आणि रुंद. निमुळत्या टोकात बोटं एकमेकांवर दाबली जातात आणि दुसऱ्या बोटाचं नख वरून येणाऱ्या कापडाला घासतं. शिवाय टाचेची वाटी अरुंद टाचेला सैल, त्यामुळे पाय पुढे येण्यास मोकळा.

लागणारं माप ४३ च, पण रुंद चवड्याच्या साच्यातलं. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा पुरते. आल्ट्रासारख्या कंपन्या बोटांची जागा पायाच्या आकाराची, म्हणजे पुढे रुंदच ठेवतात. काही उत्पादक एकाच मॉडेलमध्ये रुंद साचा वेगळा विकतात. आल्ट्राचे बरेच बूट शून्य ड्रॉपचे असतात आणि इथे सावध राहायला हवं. १० मिलिमीटरची सवय असलेल्या पायाला शर्यतीच्या दोन महिने आधी शून्यावर आणलं तर पोटरी आणि टाचेमागची शीर यांच्यावर अचानक जादा ताण येतो, त्यातही १,४५० मीटर चढ असताना. आकार आवडला म्हणून ड्रॉपही सोबत बदलू नये. त्याच्यासाठी ६ ते ८ मिलिमीटर ही मर्यादा ठेवली.

उरलेलं काम नाडीचं. शेवटची दोन छिद्रं बहुतेक लोक रिकामी ठेवतात किंवा नुसती ओवतात. करायचं असं : नाडी शेवटून दुसऱ्या छिद्रातून बाहेर आली की ती समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या शेवटच्या छिद्रात बाहेरून आत घालायची, म्हणजे एक छोटा फास तयार होतो. दोन्ही बाजूंना असे फास झाले की डावं टोक उजव्या फासातून आणि उजवं टोक डाव्या फासातून न्यायचं. मग टोकं आधी खाली, घोट्याकडे ओढायची, टाच मागे वाटीत ठोकून बसवायची आणि त्यानंतरच गाठ मारायची. टाच न ठोकता गाठ मारली तर सगळी मेहनत फुकट जाते, कारण पाय आधीच पुढे सरकलेला असतो. पायाच्या वरच्या भागावर दाब जाणवला तर त्या जागेपुरतं एक आडवं ओवणं गाळून नाडी सरळ वर न्यायची.

नखं सरळ कापायची, कोपरे खोल गोल करायचे नाहीत, आणि हे काम लांब धावेच्या दोन-तीन दिवस आधी उरकायचं.

ओढा आणि जलरोधक पडदा

गुडघाभर पाण्यात बूट वरून, घोट्याच्या तोंडातून भरतो. पडदा बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसाच आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. ओढा २२ व्या किलोमीटरनंतर आणि लगेच उतार. म्हणजे पाण्याने भिजून मऊ पडलेली त्वचा, जड बूट आणि आत सरकणारा पाय हे सगळं एकाच वेळी. फोड येण्यासाठी याहून चांगली परिस्थिती शोधून सापडणार नाही. साधं विरळ जाळीचं कापड असेल तर पावलागणिक पाणी पिळून बाहेर पडतं.

पडद्याचा उपयोग थंड हवेत, ओल्या गवतात किंवा पातळ बर्फात होतो, जिथे पाणी घोट्याच्या वर येत नाही. या मार्गावर तो निव्वळ ओझं होता. शंका असेल तर बूट कोरडा, पाण्यात बुडवून काढल्यावर आणि त्यानंतर किलोमीटरभर धावल्यावर असा तीनदा वजनकाट्यावर ठेवावा. पहिल्या आणि तिसऱ्या वजनातला फरक जो जोड सर्वांत कमी दाखवेल, तो ओढ्याचा जोड.

सुटे दगड : टोचणं आणि डुगडुगणं

इथे दात्यांची खोली दुय्यम. दगड स्वतःच सुटा असताना दाता त्याला धरून काय करणार? दोन गोष्टी लागतात. चवड्याखाली दगडाचं टोक आलं तर ते तळव्याला पोहोचू नये, आणि पाऊल तिरकं पडलं तर बुटाने ते आणखी कलंडवू नये.

टोक अडवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सोल आणि फोम यांच्या मध्ये बसवलेली पातळ प्लास्टिकची किंवा विणलेल्या नायलॉनची रॉक प्लेट. ती बहुधा चवड्याखालीच असते. दुसरा, जाड फोम. जाड फोम हा २००९ मध्ये सुरू झालेल्या होकाने लोकप्रिय केलेला मार्ग, आणि लांब, सपाटसर मार्गांवर तो फार सुखाचा असतो. पण तळवा जमिनीपासून जितका उंच, तितका तिरक्या दगडावर घोट्याला बसणारा हिसका मोठा. रुंद पायथ्याचा जाड सोल ही उणीव काहीशी भरून काढतो, मात्र कातळाच्या अरुंद खाचांत रुंद सोल बसत नाही. या मार्गात धार आणि सुटे दगड लागोपाठ आहेत, म्हणून पातळ प्लेट आणि मध्यम फोम, म्हणजे टाचेखाली २६ ते ३० मिलिमीटर, हा पर्याय निवडला. प्लेट आहे की नाही हे पाहायला चवड्याच्या भागात सोलखालून अंगठा जोरात दाबावा आणि दुसरा हात आत घालून तो किती जाणवतो ते पाहावं. प्लेट इतकी कडक नको की चढावर पाऊल वाकलं की टाच वाटीतून उचलली जाईल.

टाचेखालच्या दात्यांची दिशाही तपासण्यासारखी. चवड्याचे दाते रेटण्यासाठी मागे तोंड करून असतात. टाचेचे दाते उलट्या तोंडाचे असतील तर उतारावर थांबायला मदत होते. अंगठ्यापुढे रबराची जाड पट्टी हवीच, कारण थकल्यावर पाय उचलला जात नाही आणि दगडाला ठेच लागते.

तीन जोड, एक ओला कातळ

शेवटी तीन जोड उरले : एक जुना, साडेसहा मिलिमीटरचा; दुसरा ३ मिलिमीटर दात्यांचा, रस्ता आणि सोपी पायवाट दोन्हीवर चालणारा हलका; आणि तिसरा ४.५ मिलिमीटर दात्यांचा, मऊ रबराचा, पातळ प्लेटचा, जाळीदार कापडाचा, ७ मिलिमीटर ड्रॉपचा.

चाचणीसाठी जमिनीला टेकलेला, पडलं तरी लागणार नाही असा उतरता कातळ शोधला आणि त्यावर पाणी ओतलं. डाव्या पायात एक जोड, उजव्यात दुसरा. दोन्ही पाय उताराला सरळ ठेवून उभं राहायचं, हळूहळू सगळं वजन एका पायावर, मग दुसऱ्यावर. नंतर चवड्यावर उभं राहून तेच. पाय अदलाबदल करून पुन्हा. सोल धुतलेले हवेत, कारण मातीचा पातळ थर चांगल्या रबरालाही हरवतो. कोरा सोल तर आधी खडबडीत रस्त्यावर चार-पाच किलोमीटर घासून घ्यावा. नव्या रबरावरचा गुळगुळीत थर गेल्याशिवाय केलेली चाचणी बिनकामाची.

सपाट पाऊल असताना तिन्ही जोड जवळजवळ सारखे धरत होते. चवड्यावर वजन येताच जुना सुटायचा, ३ मिलिमीटरचा टिकायचा आणि ४.५ चा त्याहून निर्धास्त टिकायचा. हलक्या जोडात प्लेट नव्हती, आणि सुट्या दगडांच्या छोट्या पट्ट्यावर फेऱ्या मारल्यावर तळवे दुखू लागले. तो तिथे बाद झाला, नाहीतर मुरमावर आणि कातळावर तो छान होता.

राहिला चिखल. साडेचार मिलिमीटरचे दाते त्या ३ किलोमीटरमध्ये कमी पडणार, हे मान्य करूनच निवड झाली. तोटा भरून काढायला काठ्या घेतल्या, पावलं आखूड ठेवली आणि वाटेच्या मधल्या तुडवलेल्या भागाऐवजी कडेच्या गवतावरून चालायचं ठरवलं. चिखलातून बाहेर पडताच, धारेवर पाय ठेवण्याआधी, सोल दगडाच्या कडेवर खरवडायचा. हे एक मिनिट वाचवायचं नाही. दात्यांत भरलेल्या चिकणमातीसकट कातळावर चढलं तर मऊ रबर निवडून काहीच मिळवलं नाही असं होतं.

निकाल, आणि जे सुटलं नाही

शर्यतीआधी नवीन जोड सुमारे ८० किलोमीटर वापरला गेला, त्यात लांब उतार मुद्दाम घेतलेले. पहिल्या दोन धावांत टाचेच्या वरच्या कडेने घोट्यामागे त्वचा सोलवटली. उंच मोजे घातल्यावर ते थांबलं. एका नखावर अजून लाली येत होती. नाडी तपासली तर फास बरोबर होते, पण तो गाठ बसूनच मारत होता. उभं राहून, टाच मागे ठोकून गाठ मारल्यावर लालीही गेली.

शर्यतीत धारेवर पाय सुटला नाही. चिखलात अपेक्षेप्रमाणे घसरगुंडी झाली आणि अंदाजापेक्षा सहा-सात मिनिटं जास्त गेली. ओढ्यानंतर बुटातलं पाणी उताराच्या सुरुवातीलाच निथळलं. नखं शाबूत. शेवटच्या मुरमावर तळवे थकले होते, पण टोचणं नव्हतं.

हीच शर्यत मुसळधार पावसाच्या आठवड्यात झाली असती तर निवड बदलली असती का? झाडीचे ५ किलोमीटरही चिखलात गेले असते, तरी आम्ही धारेसाठीच बूट ठेवला असता. निर्णय उलटतो तो चिखलाचं प्रमाण वाढल्याने नव्हे, चिखलाची जागा बदलल्याने : डोंगराच्या कुशीतून आडवी जाणारी वाट चिखलाने माखली असेल आणि खाली दरी असेल, तर सर्वांत महाग चूक तिथे होते, आणि मग साडेसहा मिलिमीटरचे दातेच हवेत. ओल्या गवताचा तीव्र उतार हाही असाच. वाळूचा मार्ग असेल तर दात्यांना काही अर्थ राहत नाही. बारीक विणीचं कापड आणि घोट्यावर गेटर (बुटाचं तोंड झाकणारं कापडी आवरण) लागतात. घट्ट बर्फावर रबर पुरत नाही, धातू लागतो.

जुना जोड फेकायचं कारण नाही. मोठा असला तरी जाड मोजा आणि टाचेचा फास यांनी तो छोट्या, सपाटसर चिखलाच्या धावांना चालतो. उताराला नाही. नव्या जोडाची निगा साधी : धुतल्यावर इनसोल काढायचा, नाड्या सैल करायच्या, आत कोरडा कागद कोंबून सावलीत वाळवायचा, कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवला की गोंद सुटतो आणि रबर कडक होतं. करंगळीपाशी जिथे कापड दुमडतं तिथे आणि पुढच्या पट्टीच्या गोंदावर दर धावेनंतर नजर टाकायची, फाटणं बहुधा तिथून सुरू होतं. चवड्याखालचे दाते निम्मे झिजले किंवा मुरमावर पुन्हा टोचू लागलं की हा जोड धारेवरून निवृत्त करून रस्त्याला लावायचा. मऊ रबराचा असल्यामुळे ती वेळ ८०० नव्हे, ५०० किलोमीटरच्या आसपास येईल असं धरून पुढचा जोड शर्यतीच्या दोन महिने आधी घ्यायचा.